कोरड्या हवेचा सल्ला

डिचोलीत राहणाऱ्या आणि सतत शिंकणाऱ्या माणसाला भेटेल तो एकच सल्ला देतो, "कोरड्या हवेत जाऊन राहा." सल्ल्याला शास्त्राचा आधार आहे. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. श्रावणापर्यंत कपाटातल्या लग्नाच्या कोटावर हिरवट बुरशीची लव धरते आणि गादीतल्या धूळकिड्यांची चंगळ होते. हा किडा पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगाने शोषून जगतो. हवा खरोखर कोरडी पडली, की तो मरतो.

अडचण अशी, की आमचा उन्हाळा अर्धवट. दिवाळीनंतर जमीन कोरडी होते, हवा मात्र समुद्राच्या मेहेरबानीने दमटच राहते. म्हणजे गादीतले किडे जगतात आणि वर रस्त्यावरची धूळही उडते. नाकाला बारमाही काम.

त्यात डिचोली हा खाणींचा तालुका. खनिजाचे ट्रक सुरू असले, की रस्त्याकडेच्या केळीच्या पानावर बोटाने नाव लिहावे इतका लाल थर बसतो. 2012 साली खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद. तालुक्याचे अर्थकारण बसले आणि माझे नाक मोकळे झाले. हे बोलायची मात्र सोय नव्हती. शेजारी ट्रकमालक, आणि उधारी त्याच्याच भावाच्या दुकानात. डॉक्टर म्हणतात, खनिजाच्या धुळीने होते ती अॅलर्जी नव्हे, ती धूळ नाकाला नुसती बोचते. माझ्या नाकाचे शिक्षण तेवढे झालेले नाही.

हवापालट म्हणून पेडण्याला सासुरवाडीस जावे, तर तिथे काजू-आंब्याला मोहर. त्या वासाने लोकांना कविता सुचतात, मला शिंका. निघायच्या वेळी उंबऱ्यात एक शिंक आली, की आजेसासूबाई हुकूम सोडतात, "बसा जावईबापू, पाणी प्या, मग निघा." दुसरी आली, की अपशकुन फिटला, निघा. तिसरी आली, की बसा. माझ्या शिंका कधी जोडीने थांबत नाहीत, त्यामुळे डिचोलीची बस मला न घेताच जाते आणि सासूबाई तांदूळ वाढवून घेतात.

पेडण्यातल्याच मोपाचा विमानतळ 2023 पासून सुरू झाला, तेव्हा मेव्हण्याने सुचवले, "भावजी, आता थेट वाळवंटातच जा." तेही करून झाले आहे, माझे नव्हे, अमेरिकनांचे. अॅरिझोनातल्या टुसान शहरी दमेकरी आणि शिंकरे कोरड्या हवेसाठी जाऊन राहिले. तिथे गावाकडची आठवण म्हणून हिरवळ केली, सावलीला तुती आणि ऑलिव्ह लावले. परागकण वाऱ्यावर उडू लागले, पुन्हा शिंका सुरू. शेवटी स्थानिक प्रशासनाला त्या झाडांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली.

वाळवंटातही शिंका सुटल्या नाहीत, त्याचे कारण साधे आहे. अॅलर्जी हवेत नसते, आपल्या रक्तात असते. गाव बदलले, की ती नवा शत्रू शोधते. तेव्हा कोरड्या हवेच्या शोधात बिऱ्हाड हलवण्याआधी गादीला चांगले ऊन दाखवा, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, आणि स्टुलावर चढून पंख्याची पाती एकदा बघा. बिऱ्हाड हलवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.