बोटीचे मुंडकार

आम्ही मूळचे मुंडकार. गोव्यात पेडण्यातल्या ज्या घरात मी जन्मलो, त्याच्या भिंती आमच्या आणि खालची जमीन भाटकाराची. 1975 साली मुंडकाराला घरातून हुसकावता येणार नाही असा कायदा आला, तेव्हा आजोबांनी देवापुढे नारळ फोडला. 'बसलेल्याला उठवू नये' हे तेव्हापासून घराचं ब्रीद. पंगतीतसुद्धा आम्ही ते कसोशीने पाळतो.

अशा घरातल्या मी एक जुनी शिडाची बोट विकत घेतली आणि मे महिन्याच्या सुटीत आई, बायको, मुलगी यांच्यासह तिच्यावर बिऱ्हाड थाटलं. चोपड्याजवळ शापोरा नदीत नांगर टाकला. आत चालायला जागा अडीच पावलं. त्यामुळे भांडून तरातरा माहेरी निघालं तरी तिसऱ्या पावलाला नवराच लागतो. सोलकढी वाटीच्या कुठल्या काठावरून सांडते, त्यावरून वारा कुठला ते आई सांगायची.

बोट मात्र हलायला तयार नव्हती. भर वाऱ्यातही डबक्यातल्या म्हशीसारखी.

"दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादई' घेऊन दिलीप दोंदे 2010 साली एकटे जगाला वळसा घालून आले," बायको म्हणाली. "आपण चौघं आहोत आणि मोरजी येत नाही."

बुडी मारून पाहिलं, तर तळाला अख्खी वसाहत. बार्नेकल! शेजारच्या होडीतला म्हातारा हसला. "बाबा, ही होडी न्हय, कालवांचो मळो."

मग मी वाचायला बसलो. बार्नेकलचं पिल्लू पोहत येतं, जागा पसंत पडली की डोकं टेकून स्वतःला चिकटवून घेतं आणि उरलेला जन्म उलटं राहून पायांनी अन्न तोंडात ओढतं. डार्विनने या प्राण्यावर 8 वर्षं घालवली. त्याच्या मुलाने शेजाऱ्यांकडे जाऊन विचारलं म्हणे, "यांचे बाबा बार्नेकलं कुठे बसून करतात?" शिडाच्या बोटीने एकट्याने जगाला वळसा घालायच्या 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत पहिला गडी 212 दिवसांत पोचला. तळाला बार्नेकल धरलेल्या फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनला 322 दिवस लागले. मोरजीचं दुःख जरा हलकं झालं.

अमावास्येच्या ओहोटीला बोट वाळूवर कलती केली. भरती यायच्या आत तळ खरवडायचा होता. बायकोने मोठ्या मनाने उलथणं दिलं. ते उगारलं आणि हात थबकला. हे लोक आधीपासून बसलेले, बोट मी नंतर घेतली. म्हणजे इथला भाटकार मीच!

"बाबा, नोटीस दिलीस त्यांना?" मुलीने विचारलं.

या धर्मसंकटात एकच बाजू खरवडून झाली आणि भरती आली. आई डिचोलीतल्या साळची, याच नदीच्या वरच्या काठची. ती म्हणाली, "पावसाचें गोडें उदक येवं दी. आपसूक मरतले."

तसंच झालं. जूनमध्ये साळकडून तांबडं पाणी लोटलं, नदी गोडी झाली आणि ऑगस्टपर्यंत सगळी वसाहत निवर्तली. कवचं मात्र तशीच घट्ट. माणसं गेली, घरं उभी.

ऑक्टोबरात पाणी पुन्हा खारं झालं. मुलगी बुडी मारून वर आली, तोंडावरचे केस बाजूला सारत म्हणाली, "बाबा, वारस आले."

मी उलथणं निमूटपणे स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवलं.