भिंतीपलीकडून टाळ

काय करलालाव, वहिनी? पाणी भरून झालं का? या इकडं भिंतीपाशी. शेंगाचटणी कुटलीय, वाटी आणा.

कालचा आवाज? मीच हो ती! तुमच्या ह्यांनी विचारलं म्हणे, काकूंच्यात भांडण लागलंय का. भांडण कुठलं, हरिपाठ चालला होता. एकसष्टाव्या वर्षी भजनी मंडळात नाव घातलंय मी. शाळेत समूहगीताला बाई म्हणाल्या होत्या, तू नुसते ओठ हलव. ते पन्नास वर्षं इमानेइतबारे पाळलं.

गाण्याचं सोडा, टाळ जास्त अवघड. मला वाटायचं, दोन वाट्या एकमेकींवर आपटल्या की झालं. मुठीत घट्ट धरला तर नुसतं खट्ट वाजतं. दोरी बोटात अडकवायची, टाळ मोकळा लोंबू द्यायचा आणि कडेला कड हळूच लावायची, मग कसा घुमतो! पहिल्याच आठवड्यात बोटाला फोड आला. भाकरी थापताना आई आठवली.

पेटीवाल्या मावशी मात्र हुशार. वय झालं की बायकांचा आवाज खाली उतरतो, म्हणून काळी पाचची पट्टी त्यांनी काळी तीनवर आणली. सगळ्यांचे गळे एकदम सुटले. एकीनं चरण म्हणायचा, बाकीच्यांनी धृपद उचलायचं. पाठ नसलं तरी चौथ्या खेपेला तोंडात बसतंच. दम लागला की मी गप्प बसते, तोवर शेजारची ओढते. तिला खोकला आला की मी. वीस जणींत कोण कधी थांबलं, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

आणि आहोत कोण कोण? एक सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, सासऱ्यांचे माग होते. एक अक्कलकोटकडची, कानडी. ती म्हणते, विठोबा आमचा. म्हटलं, तो कसा काय? तर म्हणाली, पुरंदरदासांच्या पदांत शेवटी 'पुरंदर विठ्ठल' येतो, आणि तुमच्या ज्ञानोबांनीच त्याला कानडा म्हटलंय. आता काय बोलणार! एकादशीला तिचं एक पद म्हणायचं ठरलं. शब्द देवनागरीत उतरवून घेतलेत, वहीला तेल लागलंय माझ्या, पण चाल बसली.

भांडणं? ती नसली तर मंडळ कसलं? एकसारख्या साडीवरून तीन बैठका झाल्या. मोतिया की डाळिंबी, कुणी हटेना. शेवटी जिच्या तिच्या ट्रंकेतली इरकल नेसायचं ठरलं, खर्चही वाचला.

आषाढात शेगावहून गजानन महाराजांची पालखी आपल्या सोलापुरातून पंढरीला जाते ना, तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून म्हणणार आहोत. पंढरपूर इथून सत्तर किलोमीटरच्या वर, चालत जाणं माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. अर्धा तास उभं राहणं झेपेल.

तुम्हाला जमणार नाही म्हणता? भांडी घासताना रोज गुणगुणता, मला इकडं सगळं ऐकू येतं. आणि सूर हलला तर हलला, बाजूच्या दोघी सावरून घेतात. मला नाही का घेतलं? टाळाची एक जोडी जादा आहे, तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितलंय.

गुरुवारी चार वाजता या. त्या दिवशी नळ येत नाही, मी हिशेब केलाय.