मालक नको, हेल्पडेस्क हवा

मॅट्रिक्स या, एका मालकाऐवजी अनेकांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या निरोप-जाळ्यावर खातं उघडायचं असेल तर आधी अंघोळ करा, देवाला नमस्कार करा आणि मगच युजरनेमच्या चौकटीला हात लावा. तिथे जे टाइप कराल ते जन्माचं. मित्रांच्या नादाने रात्री दोन वाजता ‘डॅशिंगबंड्या९६’ झालात, तर साठीशांतीलाही डॅशिंगबंड्याच राहाल. शिवाय हे नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत. देवनागरी चालत नाही. वर दिसणारं नाव हवं तेवढ्या वेळा बदला, खालचा खरा पत्ता हलत नाही. खातं बंद केलंत तरी त्या सर्व्हरवर ते नाव सहसा पुन्हा मिळत नाही. तुम्हालासुद्धा नाही.

आपल्याकडे राजपत्रात नोंद करून माणूस नाव बदलतो, आडनावही बदलतो. एका उताऱ्यासाठी चार हेलपाटे घालायला लावणारं शासन ही सोय देतं, आणि स्वातंत्र्याचा झेंडा घेऊन निघालेलं तंत्रज्ञान देत नाही!

कारण मात्र प्रामाणिक आहे. पत्त्यात तुमचं नाव आणि तुमच्या सर्व्हरचं नाव एकत्र कोरलेलं असतं. जगभरचे बाकीचे सर्व्हर तुम्हाला त्यावरूनच ओळखतात. बंड्याचे आता बंडोपंत झालेत, हे सगळ्यांना कळवणारा मधला कारकून तिथे नाही. त्या कारकुनाला हाकलायचं म्हणून तर हा खटाटोप! आणि सर्व्हर चालवणारा हौशी गृहस्थ कंटाळून दुकान बंद करता झाला, तर तुमचा पत्ताही त्याच्याबरोबर गेला.

पासवर्डची तऱ्हा आणखी वेगळी. पासवर्डने फक्त दार उघडतं. आतले कूटबद्ध निरोप नव्या फोनवर वाचायचे तर जुना फोन किंवा रिकव्हरी की लागते, आणि ती पहिल्या दिवशी ‘नंतर बघू’ म्हणून आपण बाजूला सारलेली असते. पासवर्ड विसरला तर ईमेल जोडलेला असल्यास नवा घेता येतो. की हरवली आणि जुना फोनही गेला, तर विचारायचं कोणाला? एप्रिल २०१९ मध्ये मॅट्रिक्सच्या मुख्य सर्व्हरवर घुसखोरी झाली आणि खबरदारी म्हणून तिथल्या सगळ्यांना लॉगआउट केलं गेलं. ज्यांनी किल्ल्यांचा बॅकअप घेतला नव्हता, त्यांचे जुने कूटबद्ध निरोप त्यांनाच वाचता येईनात. बंदोबस्त इतका चोख की चोराबरोबर घरधनीही बाहेर.

नॉस्टर या अशाच दुसऱ्या जाळ्याने तर पासवर्ड हे प्रकरणच निकालात काढलंय. एक लांबलचक खासगी किल्ली, तीच तुमची ओळख. हरवली तर खातं गेलं. चोरीला गेली तर त्याहून मजा: ती बदलता येत नाही, त्यामुळे चोरही तुमच्याइतकाच अस्सल तुम्ही. पोलिसात कोणी कोणाविरुद्ध जायचं?

त्या मानाने मॅस्टोडॉन हे तिसरं जाळं दयाळू. सर्व्हर बदलला तर फॉलोअर नव्या घरी येतात. लिहिलेलं सगळं मात्र जुन्या घरीच राहतं. आपल्या पोस्टींचा दर्जा पाहता अनेकांना हा फायदाच वाटावा.

गंमत आपलीच आहे. कंपनीने आपल्यावर नजर ठेवू नये, पण पासवर्ड विसरला की रात्री अकराला तिने ‘काळजी करू नका सर’ म्हणत ओटीपी धाडावा. ‘पासवर्ड विसरलात?’ या दोन निळ्या शब्दांमागे कोणीतरी आपली चावी सांभाळत बसलेला असतो, आणि त्यालाच तर आपण कंटाळलो होतो.

नाव न बदलण्याच्या अडचणीवर ब्लूस्काय या आणखी एका जाळ्याने तोड काढली. वरचं नाव केव्हाही बदला, आत एक न बदलणारा क्रमांक असतो, जाळं तुम्हाला त्यावरून ओळखतं. मग कुठल्या क्रमांकाचं सध्या काय नाव, हे लिहायला एक नोंदवही आली. बहुतेकांचे क्रमांक ज्या वहीत आहेत, ती एकच आहे आणि उभारली ब्लूस्कायच्याच कंपनीने.