किरकोळ विचलन

आमच्या इमारतीत चुंबकवाले सर राहतात. घरात चुंबक एकच, फ्रिजवरचं, तेही काकूंचं. सरांची सगळी चुंबकं कागदावर: चौकोनाचौकोनात एकेक बाण (सर त्याला स्पिन म्हणतात), शेजारच्याचं तोंड वर तर आपलं खाली. "म्हणजे आपली सोसायटीच की," असं एकदा म्हणालो, तेव्हापासून मी त्यांच्या तावडीत आहे.

परवा त्यांच्याकडे पाहुणे आले होते. दाराबाहेरच्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर सरांनी सगळ्यांच्या चपला मांडल्या. एकीचा अंगठा दाराकडे, दुसरीची टाच. मग एक जराशी तिरकी केली. "आता शेजारीण कलेल, मग तिची शेजारीण. ही स्पिनलहर. १९३० साली फेलिक्स ब्लॉखनं मांडली. हिशेबात स्पिन मोठा धरायचा, म्हणजे एक भागिले स्पिन लहान."

"खरा स्पिन केवढा?"

"अर्धा."

मी बोटांवर भागाकार केला. दोन आले.

"दोन लहान आहेत असं समजू," सर म्हणाले. आणि हे खपतं! चौरस जाळीत अर्ध्यातली ०.३०३ शिस्त उरते असं लहरी सांगतात; संगणक घाम गाळून ०.३०७ म्हणतो. त्यामुळे सर सोकावलेत. छत गळलं? किरकोळ विचलन. दूध उतू गेलं? लहर होती, गेली.

पंचाईत होते ती तिरक्यातल्या शेजाऱ्याशीही वाकडं आलं की. कुणाकुणाच्या उलट तोंड करणार? तिरकी ओढ सरळ ओढीच्या साधारण ०.३८ पट झाली, की वजावट मुद्दलाएवढी होते आणि हिशेब हात वर करतो.

पाहुणे निघाले तेव्हा तेच झालं. कुणालाच आपली चप्पल सापडेना. काकूंनी पदर खोचला आणि डावीशेजारी उजवी लावत गेल्या.

"मजुमदार-घोष!" सर ओरडले. "१९६९, आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधलं काम! रांगेत पलीकडच्या शेजाऱ्याची ओढ अलीकडच्याच्या बरोबर निम्मी असली की जोड्या जमतात. अंदाज नाही, चोख उत्तर!"

"जमत नाहीत, जमवाव्या लागतात," काकू म्हणाल्या.

शेवटी सरांचीच एक कोल्हापुरी उरली.

"हा सुटा स्पिन. याचा जोडीदार जोड्यांमधून हिंडत असतो."

"हिंडतोय. कुत्र्याच्या तोंडात, गेटकडे."

सर उरलेली एक चप्पल पायात सरकवून धावले. जिन्यावर आवाज येत होता: एक पायरी फट्, एक गप्प, एक फट्, एक गप्प. शिस्त अगदी शेवटच्या पायरीपर्यंत टिकली.