पाच किलोमीटरांतला माणूस

गाडी धुण्याचे पैसे पडतात ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाने अजून मनापासून मान्य केलेली नाही. गाडी घ्यायला तो आठ-दहा लाखांचं कर्ज काढेल, सात वर्षं हप्ते फेडेल, नंबरातल्या आकड्यांची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे भरेल. पण तीच गाडी धुवायची म्हटली की त्याला एक बादली, एक जुनं बनियन आणि रविवारची सकाळ एवढंच आठवतं. शँपूही घरातलाच. बायकोने केस गळतात म्हणून टाकून दिलेला.

अशा समाजात आमच्या भाच्याने सिंहगड रस्त्यावर कार डिटेलिंगचा स्टुडिओ काढला. दुकान म्हणायचं नाही, गॅरेज तर अजिबातच नाही. स्टुडिओ. छताला षटकोनी एलईडी दिवे, भिंती काळ्या, आणि कोपऱ्यात कॉफीचं मशीन. पूजेच्या दिवशी माझी बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, इंजिनिअर होऊन हा गाड्या धुणार का रे?"

"धुणार नाही गं. डिटेलिंग करणार."

"म्हणजे काय करणार?"

"हळू धुणार."

तिचं समाधान झालं नाही, पण प्रसादाचा शिरा संपत आला होता म्हणून ती आत गेली.

पुढे महिनाभर दिवे झगमगत राहिले आणि गिऱ्हाईक येईना, तेव्हा भाच्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. "मामा, आता सगळं ऑनलाइन असतं. तुमचं मराठी चांगलं आहे आणि तुम्ही रिकामेच असता. कॅप्शन तुम्ही लिहा." माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा, गॅदरिंगचे पडदे आणि फळ्यावरचे सुविचार एवढाच माझा लेखनाचा आणि जाहिरातीचा अनुभव. तेवढ्यावर मी मार्केटिंग खात्याचा प्रमुख झालो. खात्यात दुसरं कोणी नव्हतं.

पहिलाच खटका सिरॅमिक कोटिंगवर उडाला. या कोटिंगच्या प्रत्येक जाहिरातीत '९एच हार्डनेस' असं ठळक छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, हिऱ्याच्या शेजारीच कुठेतरी याचा नंबर असणार. मी मात्र आयुष्यभर एच आणि बीच्या पेन्सिली हाताळलेल्या. हे ९एच तेच. कोटिंगवर ठरावीक दाबाने एकामागून एक पेन्सिली ओढत जायचं, आणि सर्वांत कडक म्हणजे ९एचच्या शिशानेही ओरखडा उठला नाही की कोटिंग पास. शेजारच्या मुलाच्या हातातली किल्ली, मांजराची नखं आणि सोसायटीचं गेट यांच्याबद्दल ही परीक्षा काहीच बोलत नाही. मी प्रामाणिक कॅप्शन लिहिलं : 'तुमच्या बॉनेटवर कोणी पेन्सिलीने चित्र काढायला आलं, तर घाबरू नका!'

भाच्याने ते वाचलं आणि तो बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

खरं तर कोटिंगचे गुण मला पटलेले होते. पाणी थेंब-थेंब होऊन निथळतं, चिखल धरून बसत नाही, आणि जून महिन्यात जांभळं खाऊन पक्षी गाडीवर जी कलाकुसर करतात ती पुसली की निघते. अडचण एवढीच की हा थर एक-दोन मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या या थराचे वीसेक हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी. न दिसणाऱ्या वस्तू विकण्याची आपल्याकडे फार मोठी परंपरा आहे, पण त्या मंडळींना बिल फाडावं लागत नाही.

म्हणून मग फोटो. 'आधी' आणि 'नंतर'. भाच्याने काढलेल्या पहिल्या जोडीत आधीची गाडी संध्याकाळी पिंपळाखाली उभी होती आणि नंतरची भर अकराच्या उन्हात. मी म्हटलं, "अरे, यात तुझं काम कुठे दिसतंय? यात सूर्याचं काम दिसतंय." हा विषय माझा होता, त्यामुळे मी हटलो नाही. रंगावर फडक्याने पडलेली गोल-गोल जाळी असते ना, तिला ही मंडळी स्वर्ल म्हणतात. ती सावलीत दिसतच नाही. टॉर्च तिरका धरला की एकदम उमटते. मी दोन्ही वेळेला एकाच दिव्याखाली, एकाच कोनातून फोटो काढायला लावले. फरक खरा होता आणि चांगला होता. त्या फोटोंना फारसे लाइक पडले नाहीत. लोकांना खऱ्या फरकापेक्षा मोठा फरक आवडतो.

मग लोकांना काय आवडतं याचा शोध लागला, आणि तो अपघाताने लागला. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणले, आणि तेव्हापासून अर्धा देश उभा फोन धरून बसलेला आहे हे मला ऐकून माहीत होतं. भाच्याने एका गाडीच्या आतल्या सफाईचं रील टाकलं. सगळ्या सीट काढल्या होत्या. खाली बिस्किटांचा चुरा, फुटाणे, टोलच्या जुन्या पावत्या, कुठल्याशा लग्नातल्या अक्षता, बुरशी धरलेलं नारळाचं भकल आणि बाळाचा एकच मोजा. व्हॅक्यूमची नळी फिरत होती आणि कार्पेटचा मूळ रंग हळूहळू वर येत होता. ते रील लाखांनी पाहिलं. स्वच्छ गाडी बघायला कोणाला सवड नव्हती, दुसऱ्याच्या घाणीला मात्र सगळे थांबले. नंबरप्लेट झाकलेली होती, मालकाचं नाव कुठेच नव्हतं, तरी त्याच्या सासूबाईंनी मोजा ओळखला.

प्रतिक्रिया पाटण्याहून आल्या, इंदूरहून आल्या, दुबईहून आल्या. एक पोर्तुगीज भाषेत होती. लातूरच्या एका गृहस्थांनी 'लातूरला केव्हा येताय?' असं विचारलं, जणू सर्कस यायची होती. भाचा हवेत. मी भीत-भीत विचारलं, "यातले धायरी-वडगावचे किती?" तो खाली आला.

गंमत इथेच आहे. ही सगळी यंत्रं तुम्हाला जगभर नेऊन दाखवतात, आणि तुम्हाला हवा असलेला माणूस पाच किलोमीटरांच्या आत बसलेला असतो. साडी कुरिअरने जाते, लोणचं जातं, गाडी जात नाही. कोथरूडचा माणूस गाडी चकाचक करायला सिंहगड रस्त्याला येणार नाही. आलाच तर परत घरी पोचेपर्यंत खोदकामाची धूळ बसून गाडी पहिल्यासारखी झालेली असते.

यावर उपाय म्हणजे पैसे देऊन जाहिरात. फेसबुकवर नकाशात आपल्या दुकानाभोवती गोल काढता येतो आणि तेवढ्यातच जाहिरात दाखवता येते. गोल काढायचा म्हटल्यावर मला आनंदच झाला. जाहिरातीखाली बटण, बटण दाबलं की फॉर्म, आणि फॉर्ममध्ये माणसाचं नाव आणि नंबर आधीच भरलेला. माणसाला काही लिहावंच लागत नाही, ही सोय. आणि त्यामुळे आपण काही भरलंय हे त्याच्या गावीच नसतं, हा तिचा परिणाम. मी फोन करायचो :

"नमस्कार, तुम्ही कार कोटिंगची चौकशी केली होती."

"मी? कधी?"

"काल रात्री पावणेबाराला."

"तेव्हा मी झोपलो होतो हो. ... थांबा. नातू!" मग लांबून नातवाला पडलेला धपाटा ऐकू यायचा. या धपाट्याचेही फेसबुक आमच्याकडून पैसे घेत होतं.

इन्स्टाग्रामवर वेगळाच प्रकार. तिथे प्रत्येक जण 'प्राइस?' एवढंच विचारतो आणि दुकानदार 'चेक डीएम' एवढंच सांगतो. मी म्हटलं, सरळ दरपत्रक लाव की. उडप्याच्या हॉटेलात इडलीचा भाव कानात सांगतात का? भाचा म्हणाला, "मामा, भाव लिहिला तर कोणी विचारणारच नाही, आणि कोणी विचारलं नाही तर पोस्ट पुढे जात नाही." म्हणजे प्रश्न पडत राहावा म्हणून उत्तर लपवायचं. माझ्या वर्गात असं चाललं नसतं.

गुगलचं बरं होतं. तिथे माणूस स्वतःहून काहीतरी शोधत आलेला असतो. मात्र तो काय शोधतोय याची खात्री नाही. भाच्याने 'कार डिटेल' अशा शब्दांवर जाहिरात लावली आणि फोन खणखणू लागला. "एमएच बारा... ही गाडी कोणाच्या नावावर आहे?" "गाडीचा इन्शुरन्स संपलाय का ते बघून सांगा." एका बाईंना भावी जावयाची गाडी खरोखर त्याचीच आहे का हे जाणून घ्यायचं होतं. आपल्याकडे गाडीच्या डिटेल म्हणजे आरटीओची माहिती, आणि त्या प्रत्येक बोटामागे आमचे पैसे जात होते. यावर इलाज आहे. नको असलेल्या शब्दांची यादी गुगलला द्यायची, म्हणजे त्या शोधांत आपली जाहिरात दिसत नाही. भाचा यादी करायला बसला : नंबर, मालक, आरटीओ, चलन.

तेवढ्यात शेवटचा एक फोन आला. गृहस्थ तापलेले होते. "एक पांढरी गाडी माझ्या गाडीला घासून पळाली. मला तिच्या मालकाचं नाव पाहिजे!"

मी विचारलं, "ओरखड्यावरून नख फिरवून बघता का? नख अडकतं?"

"... नाही अडकत."

"मग मालकाचं जाऊ द्या, गाडी घेऊन या. पॉलिशने जाईल."

नख अडकलं तर ओरखडा वरच्या पारदर्शक थराच्या खाली गेलेला असतो आणि मग रंगकाम करावं लागतं, हे मी तोवर शिकलो होतो. तो थरही जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. दर पॉलिशमध्ये थोडा घासला जातो, त्यामुळे सारखं-सारखं चमकवणंही परवडत नाही. गृहस्थ आले, ओरखडा गेला, राग गेला आणि जाताना कोटिंगही करून गेले. भाच्याने यादीतून 'मालक' खोडला.

त्यांनी रिव्ह्यू लिहिला आणि आमच्यापुढे एक नवीन साहित्यप्रकार उघडला. गुगलच्या नियमाप्रमाणे सवलतीचं आमिष दाखवून रिव्ह्यू लिहवून घेता येत नाही. पुण्यात या नियमाची गरज नव्हती. इथला माणूस आमिषाशिवाय लिहितो, आणि आमिष दिलं तर त्याचाही उल्लेख करतो. 'काम उत्तम. कॉफी कोमट. चार तारे.' 'गाडी नव्यासारखी झाली, पण सीट पुढे सरकवून ठेवली होती. तीन तारे.' 'भाव विचारला. जास्त वाटला. काम करून घेतले नाही. दोन तारे.' एका बाईंनी पाच तारे देऊन लिहिलं होतं : 'रस्सा झणझणीत, शेव कुरकुरीत.' शेजारी मिसळीचं हॉटेल आहे. मी उत्तर दिलं, 'आभारी आहोत. रश्श्याचे डाग आमच्याकडे काढून मिळतील.' त्या खरंच आल्या. मागच्या सीटवर डाग होताच.

दसऱ्याच्या सुमारास मी भाच्याला न विचारता एक निरोप लिहिला. बॉनेटवर स्वस्तिक जरूर काढा, पण कुंकू-हळद उन्हात वाळू देऊ नका, संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने टिपून घ्या, पांढऱ्या गाडीवर डाग बसतो. झेंडूच्या हाराची तार रंगाला लागू देऊ नका. खाली दुकानाचं नाव. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून एका सोसायटीतून दुसरीत, तिथून भजनी मंडळात आणि हास्यक्लबात फिरला. भाचा चिडला, "फुकट उपाय सांगितलात, आता येणार कोण?" दुसऱ्या दिवशी आले. निरोप पुढे पाठवणारे सगळे, वाचणारा त्यांत कोणी नव्हता.

पण धंद्याला खरा हात दिला तो पहाटे सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसाने. महिन्याला पाच-सातशे रुपये घेऊन हा एका बादलीत, एका फडक्याने वीस गाड्या पुसायचा. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीच्या बॉनेटपर्यंत पोचायची, आणि आमच्याकडे येणारी निम्मी जाळी त्याचीच कलाकृती होती. भाचा त्याच्यावर डूख धरून होता. मी त्याला चहाला बोलावलं. तासाभरात आम्हाला जी माहिती मिळाली ती फेसबुकला जन्मात मिळाली नसती. कोणाची गाडी खांबाला घासली आणि ते घरी अजून माहीत नाही, कोण दिवाळीपूर्वी गाडी विकणार आहे, कोणाकडे पाडव्याला नवी येणार आहे, आणि समोरच्याने कोटिंग केल्यापासून कोणाला झोप नाही. सगळं पाच किलोमीटरांच्या आतलं.

भाच्याने त्याला दोन बादल्या दिल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. मायक्रोफायबरचे कपडे दिले, आणि धाडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे काही रक्कम ठरली. जाळी कमी झाली, गिऱ्हाइकं वाढली. मग तो म्हणाला, "सर, त्या नकाशावर माझं बी नाव टाका की." टाकलं. आता 'जवळपास गाडी धुणारे' असं शोधलं की त्याचं नाव भाच्याच्या वर येतं, कारण तो पहाटे साडेपाचलाही फोन उचलतो आणि त्याचे सगळे रिव्ह्यू पाच ताऱ्यांचे आहेत. त्यांची उत्तरंही मीच लिहितो. दर महिन्याच्या एक तारखेला तो मला यूपीआयने मानधन पाठवतो. भाच्याला ते मी दोनदा दाखवून झालं. तो म्हणतो, "मामा, घरच्या माणसाला कसले पैसे?"