गॅलिलिओचं भांडण आणि एडिनबराची एमएससी

"वहिनी, कळलं का? कोपऱ्यावरच्यांची थोरली स्कॉटलंडला चालली. फिजिक्स शिकलेली पोर, आणि तिथं जाऊन शिकणार काय, तर देवधर्म! सिस्टर व्हायचं असेल तर आपल्या वसईत कॉन्व्हेंट कमी आहेत का?"

"सिस्टर नाही हो मावशी, एमएससी. एडिनबरा विद्यापीठात विज्ञान आणि धर्म असा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. तिच्या आईनंच सांगितलं काल, भाजीवालीपाशी."

"एक एमएससी झाली होती ना? पुरली नाही?"

"त्या गावाला परंपराच आहे. डार्विन तिथं डॉक्टरकी शिकायला गेला आणि सोडून आला. मग बापानं त्याला केंब्रिजला धाडलं, पाद्री होण्यासाठी!"

"अगंबाई! आणि तोच पुढे माकडं घेऊन बसला! तेच म्हणते मी, चर्चचं आणि शास्त्रज्ञांचं कधी पटलंय? गॅलिलिओला कोठडीत डांबून मारलाच ना?"

"कोठडीत नाही मेला तो. 1633 साली खटला झाला, पृथ्वी फिरते हे त्याला गुडघे टेकून नाकारायला लावलं, आणि 1642 मध्ये डोळे मिटेपर्यंत त्याच्याच घरात नजरकैदेत ठेवलं. त्याचं पुस्तक तर 1835 पर्यंत बंदीच्या यादीत."

"मग? झालंच की भांडण!"

"झालं, आणि चर्चनं वाईटच केलं. पण त्या एका भांडणावरून सात पिढ्यांचं वैर सांगायची रीत पडली ती फार उशिरा. अमेरिकेत ड्रेपर म्हणून केमिस्ट्रीचे प्रोफेसर होते, त्यांनी 1874 मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहास लिहिला. 1896 मध्ये अँड्र्यू व्हाइटनी दोन जाडजूड खंडांत सरळ युद्धच लावून दिलं. कोलंबसाआधी लोक पृथ्वी सपाट समजायचे, ही गोष्टही अशाच पुस्तकांतून घरोघरी गेली. खरं तर मध्ययुगातल्या शिकलेल्या पाद्र्यांना ती गोल आहे हे चांगलं ठाऊक होतं."

"आणि ते बिशपनं विचारलं होतं ते? माकड आजोबांकडून की आजीकडून?"

"तेच तर ऐका! 1860 ची ऑक्सफर्डमधली सभा. बिशप विल्बरफोर्सनं डार्विनची बाजू घेणाऱ्या हक्सलीला तसं विचारलं आणि हक्सलीनं त्याची बोलतीच बंद केली, असं सगळे सांगतात. पण त्या दिवशी शब्दन् शब्द कुणी टिपून ठेवलाच नव्हता. आज सांगतात तो किस्सा गाजला 1898 मध्ये एका मासिकातल्या लेखामुळे, आणि लेखाचं नाव काय, तर 'आजीबाईच्या गोष्टी'!"

"म्हणजे अडतीस वर्षांनी? आपल्या गल्लीत तर अडतीस मिनिटांत बदलते गोष्ट."

"म्हणून तिकडे जुनी पत्रं, जुनी वर्तमानपत्रं काढून ताडून बघतात. त्याच बिशपनं डार्विनच्या पुस्तकावर लांबलचक परीक्षण लिहिलं होतं, आणि डार्विननंही त्यातली हुशारी मान्य केली होती."

"बघ! म्हणजे आमचंच खरं. आमचे फादर सांगतात, अनुवंशाचं शास्त्र काढलं ते मठातल्या मेंडेलनं."

"खरंय, वाटाणे लावून. विश्व प्रसरण पावतं, हे 1927 मध्ये गणितानं मांडणारा लमेत्रसुद्धा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री. पण 1951 मध्ये पोपनी त्या सिद्धान्तात जगाच्या निर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा लमेत्रलाच ते रुचलं नाही. वैराची गोष्ट सोपी, तशी सख्याचीही सोपी. त्या पोरीला दोन्ही तपासायच्या आहेत."

"आणि या सगळ्याला पैसा कोण देतं गं?"

"या विषयाला टेंपल्टन फाउंडेशनचा पैसा पुष्कळ मिळतो. आपल्या बाबा आमट्यांना 1990 मध्ये टेंपल्टन पारितोषिक मिळालं होतं ना, ते आणि हे फाउंडेशन एकाच टेंपल्टनसाहेबांचं. त्या वर्षी ते ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बर्चबरोबर विभागून दिलं. तो जीवशास्त्रज्ञ, आणि लिहायचा देवाबद्दल."

"ज्याचा पैसा, त्याची भाषा. देव-विज्ञान गोडीनं नांदतात असंच लिहून घेत असतील."

"तो आक्षेप तिकडचे शास्त्रज्ञही घेतात, मावशी. तुम्हीसुद्धा प्रवेश घ्यायला हरकत नाही."

"मला काय घेतायत! पण नोकरीचं काय? लग्नाच्या बाजारात काय सांगायचं, मुलगी गॅलिलिओचे खटले शिकलीय?"

"शिकवेल, लिहील, डॉक्टरेट करेल. हमखास नोकरीचा विषय नाहीच तो. तिच्या आईलाही तोच घोर लागलाय."

"मग सांग तिला, काळजी करू नकोस. ऐकीव गोष्ट पुढे सांगायच्या आधी मुळात काय लिहिलंय ते काढून बघायला शिकणार असेल, तर पोर वाया जात नाही. फक्त तिथून परत आल्यावर तिला आपल्या गल्लीतल्या गोष्टी तपासायला लावू नका म्हणावं. निम्म्या मीच सांगितल्यात."