मागे जाणारा, मागे राहणारी

कालप्रवासाचा प्रेमपट आला की सगळे विचारतात, तो कुठल्या वर्षात गेला? मी विचारतो, तोवर ती काय करत होती?

‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ हा २००९ सालचा हॉलिवूडचा चित्रपट घ्या. ऑड्री निफेनेगर यांच्या कादंबरीवरचा. नायक हेन्री ग्रंथालयात काम करतो आणि जन्मजात दोषापायी केव्हाही भलत्याच वर्षात जाऊन पडतो. अंगावरचे कपडेही मागेच राहतात. त्याची बायको क्लेअर वाट बघते. तो जेवता जेवता नाहीसा झाला तरी ताट तिलाच उचलावं लागतं. प्रेक्षक हेन्रीसाठी हळहळले. पण नाव नीट वाचा. चित्रपट बायकोच्या नावावर आहे, आणि ते बरोबरच आहे. प्रवास त्याने केला, वर्षं तिने काढली.

आपल्या हिंदी चित्रपटांना एवढंही कळत नाही. ‘बार बार देखो’ (२०१६) मधला गणिताचा प्राध्यापक लग्नाच्या तोंडावर थेट पुढच्या आयुष्यात जाऊन पडतो. मुलाचा जन्म, मग घटस्फोट, असे संसाराचे तुकडे पाहतो, चुका ओळखतो आणि शहाणा होऊन मांडवात परततो. ही मधली वर्षं त्याच्या बायकोने एकेक दिवस करून जगलेली असतात. त्या बाईचं पुढे काय झालं? चित्रपट तिला पुसून टाकतो आणि नव्या कोऱ्या नवरीला उभी करतो. शहाणपण त्याचं, वर्षं तिची. ‘अ‍ॅक्शन रीप्ले’ (२०१०) मध्ये तर मुलगाच यंत्रात बसून १९७५ सालात जातो आणि आईबापांचं प्रेम जमवून येतो. आईने ओढलेल्या संसाराची किंमत त्या यंत्राने शून्य करून टाकली. याला मी प्रेमकथा म्हणत नाही.

माझ्यासारख्या नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या माणसाला काळ मागे फिरवण्याची ही गोष्ट पटणं अवघडच. आम्ही काळ द्राक्षाच्या काडीवर मोजतो. दिंडोरी तालुक्यात कुणाच्या मळ्यात गेलात तर तारीख कुणी सांगत नाही. बाग किती दिवसांची झाली ते सांगतात, म्हणजे छाटणीपासून किती दिवस. वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. लोकांना वाटतं घड ऑक्टोबरात येतो. तसं नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर कोवळ्या काडीच्या डोळ्यात तो गुपचूप तयार होतो, डोळ्यांना दिसत नाही. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, आभाळ झाकोळून राहिलं, तर ऑक्टोबरात फूट निघते आणि घड नसतो. तेव्हा मालक काडी हातात धरून उभा राहतो, मनाने मेमध्ये जाऊन येतो. पण हात लावता येत नाही. मे होऊन गेलेला असतो.

प्रेमही असंच आहे असं माझं ठाम मत आहे. आज जो घड दिसत नाही तो कधीतरी झाकोळलेल्या दिवसांत राहून गेलेला असतो. त्याची भरपाई पुढच्या छाटणीत होते, मागच्या नाही. आणि ती करायला माणूस जागेवर लागतो. सुरगाणा-पेठेकडून आमच्याकडे मजुरीला येणारी जोडपी पाहा. एका ओळीत दोघं, तो या बाजूने, ती त्या बाजूने, मधे वेल. फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी काढत, घड विरळत दिवसच्या दिवस एकाच चालीने पुढे सरकतात. इतकं सुंदर प्रेमदृश्य मी कुठल्या पडद्यावर पाहिलेलं नाही.

आणि आपल्या चित्रपटाची सुरुवातच मुळी काळाला हात घालण्यातून झालेली आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, आमच्याच जिल्ह्याचे. १९१२ साली लंडनला जाऊन ते तंत्र शिकून आले, कॅमेरा मागवला, पण पैसे लावायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्याची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर ते सगळं मिनिटभरात घडलं. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसे देणारा भेटला.

महिना मिनिटात बसवायचा तर तो महिना आधी कुणाला तरी पुरता काढावा लागतो. त्या घरात तो फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीही काढला. त्यांचे दागिने गहाण पडले. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, धुणं त्यांच्याकडे. रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची. तारामतीची भूमिका कर म्हणून फाळक्यांनी विचारलं, तेव्हा त्या नाही म्हणाल्या. ही सगळी कामं मग कोण करणार होतं? तारामती साकारली अण्णा साळुंके या पुरुषाने. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि फाळके इतिहासात गेले.

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाने सरस्वतीबाईंना मान दिला, विभावरी देशपांडेंनी ती बाई हसतमुख आणि कणखर उभी केली. भारतातर्फे तो ऑस्करला गेला, तोही २००९ सालीच. पण ती गोष्ट शेवटी फाळक्यांचीच होती. मला तिची हवी आहे. मराठी दिग्दर्शकांनो, कालप्रवासाचा प्रेमपट करायचाच असेल तर चकचकीत यंत्रावर पैसे घालू नका. १९१२ च्या दादरला, फाळक्यांच्या घरी जा. कुंडीतला वाटाणा दाखवा, पण कुंडीशेजारी घरकाम करत वावरणाऱ्या बाईचा अख्खा महिनाही दाखवा, न कापता. नवरा पडद्यावर शतकं ओलांडतो आणि बायको त्याच घरात उद्याचं पीठ मळते, या दोन वेगांमधलं प्रेम दाखवा.

पहिलं दृश्य मी आत्ताच सांगतो. चित्रीकरणाला उजेड कमी पडे तेव्हा सरस्वतीबाई पांढरी चादर ताणून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, ऊन परतवून नटांच्या तोंडावर पाडत. तेच घ्या. भर दुपार, ताणलेली चादर, दुखून आलेले दंड. सगळे हरिश्चंद्राकडे बघतायत. कॅमेरा तेवढा तिच्याकडे वळवा.